ऋण सोडणे म्हणजे काय?



पाड्यावरची प्रार्थनासभा संपली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्याने आपले वाईट केले त्याला क्षमा करायची, म्हणजे झाले ते बरोबरच झाले असे म्हणायचे का?

मुळीच नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत शब्द आहे तो ऋणाचा. आपल्या लोकांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लग्नाच्या कर्जापायी सावकाराच्या शेतावर लग्नगडी म्हणून राबणे काय असते, हे ठाणे-पालघरच्या वाडवडिलांनी भोगले आहे. ऋण सोडायचे तर ते होते हे आधी मान्य करावे लागते. नसलेले कर्ज कोण माफ करील?

मत्तयाच्या 18व्या अध्यायातील दाखल्यात एका चाकराचे त्याच्या सोबत्याकडे शंभर दीनार येणे होते. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तीन महिन्यांहून अधिक मजुरी झाली की! ही रक्कम क्षुल्लक होती असे काही उपदेशक सांगतात, ते मला पटत नाही. आपले दुःख लहान आहे असे प्रभू म्हणत नाही. मात्र त्याच चाकराला राजाने दहा हजार तलांत, म्हणजे सुमारे सहा कोटी दिवसांची मजुरी, सोडली होती. क्षमा करण्याचे बळ तिथून येते. स्वतःच्या हिमतीवर मनातली अढी सुटत नाही.

ओडिशातील ग्लॅडिस स्टेन्स यांची आठवण इथे होते. त्यांचे पती ग्रॅहम 1965पासून मयूरभंज जिल्ह्यातील बारिपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करीत होते. 22 जानेवारी 1999च्या रात्री केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर गावी, गाडीत झोपलेले असताना, जमावाने त्यांना आणि 10 व 6 वर्षांच्या दोन मुलांना जाळून मारले. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. त्या मुलीसह बारिपद्यातच राहिल्या आणि कुष्ठरुग्णांचे काम पुढे चालवले. 2005 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण खटला चाललाच. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011मध्ये कायम केली. क्षमा केली म्हणून न्यायालयाचे काम थांबत नाही.

तेव्हा बांधावरून भाऊबंदकी असेल तर मोजणीचा अर्ज जरूर करा. फक्त निकाल लागेपर्यंत त्या भावाच्या घरी आजारपण आले, तर विचारपूस करायला जायचे थांबू नका.