संमतिवयाचा वाद आणि आपला नीतिविचार

सार्वजनिक वादात नीतीचे शब्द फार वापरले जातात. नीतीचा विचार त्या मानाने थोडाच होतो. हे कसे घडते ते समजून घेण्यास मला संमतिवयाच्या कायद्याचा वाद फार उपयोगी वाटतो.

1860 च्या दंडसंहितेने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय 10 वर्षे ठरविले होते. विवाहित मुलीलाही तीच मर्यादा होती. 1890 साली कलकत्त्यात एक खटला चालला. फुलमणी दासी ही सुमारे अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीने मरण पावली होती. पण तिने दहावे वर्ष ओलांडले असल्यामुळे तो बलात्कार ठरू शकला नाही. पुढे ही मर्यादा 12 वर नेणारे विधेयक आले आणि महाराष्ट्रात मोठे रण माजले.

मूळ प्रश्न एकच होता : एवढ्या लहान मुलीला होणारी इजा कायद्याने थांबवावी की नाही? वाद मात्र आडवाटांनी गेला.

पहिली आडवाट म्हणजे बोलणाराकडे बोट दाखविणे. मलबारी पारशी, त्यांचा हिंदूंच्या घरात काय संबंध? रानड्यांनी 1873 साली विधवेऐवजी लहान मुलीशी लग्न केले, मग सुधारकांनी उपदेश का करावा? हा आक्षेप खरा धरला तरी त्याने रानड्यांची विसंगती सिद्ध होते. मुलीची वेदना तिळमात्र कमी होत नाही.

दुसरी आडवाट शास्त्राधाराची. विरोधकांनी गर्भाधानविधी पुढे केला. भांडारकरांनी विधेयकाच्या बाजूने शास्त्रवचने काढली. पण पूर्वी काय मान्य होते यावरून काय योग्य हे ठरत नाही.

तिसरा मुद्दा टिळकांचा : परक्या सरकारने आमच्या समाजात ढवळाढवळ करू नये. हा आक्षेप वजनदार आहे. शिवाय मुलींची लग्ने 16 वर्षांपूर्वी करू नयेत, अशी सूचना 1890 साली टिळकांनीच मांडली होती. त्यांना निर्दय ठरविणे म्हणजे पुन्हा पहिल्याच आडवाटेला लागणे. तथापि, कायदा कोणी करावा हा एक प्रश्न आणि काय थांबले पाहिजे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दिले म्हणजे दुसऱ्यातून सुटका होत नाही.

मार्च 1891 मध्ये कायदा झाला. आडवाटा मात्र आजही वाहत्या आहेत. म्हणून कोणताही राजकीय वाद ऐकताना मी आधी एवढेच पाहतो : ज्याला सोसावे लागते, त्याचे नाव या चर्चेत कोणी घेतले काय?