केमोनंतरचा ताप आणि जुन्या चिठ्ठ्या

कपाशीला पाते-फुले लागली, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर गुलाबी बोंडअळी येणार हे ओळखायचे. अळी एकदा बोंडात शिरली, की वरून काही दिसत नाही. म्हणून हा आधीचा अंदाज. कर्करोगाच्या रोग्यासाठी डॉक्टरांनाही असाच अंदाज बांधावा लागतो.

मंडळी, केमोथेरपीची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. पण हाडांच्या मगजात रक्ताच्या पेशीही भराभर तयार होत असतात. त्याही मार खातात. औषध दिल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. मग बाहेरचा शत्रू लागतच नाही. आपल्याच आतड्यात निमूट राहणारे ई. कोलाय, क्लेबसिएला हे जंतू रक्तात उतरतात. लढणारेच नाहीत, म्हणून पू धरत नाही, सूजही फारशी येत नाही; पुष्कळदा ताप ही एकच खूण.

अशा रोग्याला रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, मिळायला हवे. इकडे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून तो कोणत्या औषधाने मरतो हे कळायला दोन-तीन दिवस जातात. पहिले औषध अंधारातच निवडायचे! जंतू त्या औषधाला दाद देणारा नसला, तर हेच दोन दिवस जिवावर बेततात.

मग सर्वांना सर्वांत जबर औषधच का देऊ नये? बोंडअळीचाच अनुभव आठवा. २००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली दोन जनुकांची आली, आणि २०१७ साली विदर्भात गुलाबी अळीने बोंडे पोखरलीच. ज्या अळ्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली. जंतूंचेही तेच. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालीच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतील. शिवाय कोलिस्टिनसारखे राखीव औषध मूत्रपिंडाला जाचते. ते ज्याला लागेल त्यालाच द्यावे.

ज्याला लागेल तो ओळखायचा कसा? एक सापळा म्हणजे मलाचा नमुना. उपचारापूर्वी तो तपासून आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू आहेत का, ते पाहता येते. सापडले म्हणजे आजार होणारच असे नव्हे. मात्र नाही सापडले, तर तसल्या जंतूचा धोका पुष्कळ कमी. अलीकडे शेकडो रोग्यांच्या नोंदी संगणकाला देऊन त्याच्याकडूनही अंदाज घेतात. पण परदेशातल्या रुग्णालयाचे गणित विदर्भात जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. जागा बदलली की जंतूही बदलतात.

दुसऱ्या खुणा मात्र तुमच्या घरातच असतात. गेल्या तीन महिन्यांत कोणते अँटिबायोटिक घेतले? रुग्णालयात किती दिवस काढले, अतिदक्षता विभागात होतात का? पूर्वी हट्टी जंतूचा आजार झाला होता का? अंदाजाचा मोठा भाग या उत्तरांवर उभा आहे, आणि नेमकी तीच हरवतात. "गावात एक सुई घेतली, लाल गोळ्या घेतल्या," एवढ्यावरून डॉक्टरांनी काय समजावे? बरं, दुकानदाराने सुट्या गोळ्या कापून दिल्या असतील, तर नावही उरत नाही.

म्हणून चिठ्ठी, गोळ्यांचे रिकामे पाकीट, कल्चरचा कागद, सारे एका पिशवीत ठेवा. वाचता येत नसेल, तर गावच्या गुरुजींकडून एका वहीत तारीखवार लिहून घ्या. गुरुजींनीही हे काम आपले मानावे. घरी थर्मामीटर असू द्या. केमोनंतर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. मनाने गोळी घेऊन ताप दाबू नका. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, उमरखेडहून त्याहूनही लांब. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन करा, ते सांगतील त्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात रात्रीच निघा, आणि निघताना ती पिशवी बरोबर घ्या.