अनवाणी पायांची शर्यत

मुलांनो, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरवाड्यांतली कितीतरी मुलं रोज चालत-पळत शाळा गाठतात. ‘पण आमच्याकडे ना मैदान, ना बूट. शर्यतीत कसं धावायचं?’ असंच म्हणता ना? मग आपल्याच पुणे जिल्ह्यातली ही हकिकत वाचा.

१९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती भरल्या. धावणारी बरीचशी शेतकऱ्यांची पोरं. पाय अनवाणी, शिकवणारं कुणी नाही. पण त्यांचा वेग पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा थक्क झाले. त्यांनी पदरचे पैसे घातले आणि १९२० साली भारताचा पहिला ऑलिंपिक संघ बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला. तिथं बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. अंतर किती? ४२ किलोमीटर ७५० मीटर! त्यांचा नंबर आला १९ वा.

पदक नाही मिळालं, पण वाट पडली. २०१६ साली दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. ती दहावी आली.

पालकहो, लेक ‘मी पळणार’ म्हणाली, तर तिला अडवू नका. आणि दोस्तांनो, दम तुमच्यात आहेच. त्याला रोजच्या सरावाची जोड तेवढी द्या!