प्रीतीचा हिशेब

दुसरे महायुद्ध संपत आले असताना एक जर्मन स्त्री अन्नाच्या शोधात घराबाहेर पडली आणि सोव्हिएत गस्तीच्या हाती सापडली. घरी निरोप देण्याचीही सवड न मिळता तिची रवानगी युक्रेनमधील छावणीत झाली. पती इंग्रजांच्या कैदेतून सुटून परतला, त्याने विखुरलेली मुले गोळा केली आणि सारे तिचा शोध घेऊ लागले. छावणीतून सुटकेच्या वाटा दोनच होत्या : तिथे उपचार होणार नाहीत असा आजार किंवा गरोदरपण. पुष्कळ विचार करून तिने एका ओळखीच्या पहारेकऱ्याला गळ घातली. दिवस गेले, ती घरी परतली. घरच्यांनी तिला आणि पुढे जन्मलेल्या बाळाला आनंदाने आपले म्हटले.

हा प्रसंग जोसेफ फ्लेचर यांच्या ‘सिच्युएशन एथिक्स’ या १९६६च्या पुस्तकातला. फ्लेचर अमेरिकेतील एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ते ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकवीत. त्यांच्या मते नैतिक निर्णयाच्या तीन रीती आहेत. एक, नियमाला चिकटून राहणे. दुसरी, नियमच नाकारणे. तिसरी त्यांची स्वतःची : परंपरेचे नियम आदराने विचारात घ्यावेत, त्यांचा उजेड घ्यावा, पण प्रीतीच्या आड येतील तिथे ते बाजूला ठेवावेत.

ही प्रीती म्हणजे ग्रीक ‘अगापे’. मराठी बायबलमध्ये तिच्यासाठी ‘प्रीती’ हाच शब्द आहे आणि आपली फसगत तिथेच होते, कारण आपल्या कानाला तो भावगीतातला वाटतो. फ्लेचर यांच्या लेखी अगापे ही भावना नव्हेच. ज्याच्याविषयी मनात ओलावा नाही, जो डोळ्यांसमोर नको वाटतो, त्याचेही भले करण्याचा तो निश्चय आहे. म्हणून प्रीती आणि न्याय एकच, असे ते मानतात. शेजारी अनेक असतात. प्रत्येकाच्या वाट्याला किती भले येईल, हे मोजावे लागते. बेंथम-मिल यांचे उपयुक्ततावादी गणित ते उघडपणे उसने घेतात, फक्त सुखाच्या जागी प्रीती ठेवतात.

हा आपला आपद्धर्मच की, असे मला प्रथम वाटले होते. तसे नाही. आपद्धर्मात नियम जागेवर राहतो, संकटापुरती सूट मिळते आणि मनाला टोचणी उरते. फ्लेचर यांना सूट नकोच आहे. प्रीतीपोटी बोललेले खोटे त्यांच्या मते क्षम्य पाप नसून सरळ सत्कृत्य असते. कोणतीही कृती मुळातच वाईट नसते, असे म्हटल्यावर टोचणीला जागा उरत नाही. व्हॅटिकनच्या होली ऑफिसने या वळणाच्या विचाराला १९५६मध्येच मनाई केली होती. प्रोटेस्टंट विचारवंत पॉल रॅम्से यांचा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो : वचन पाळणे, विवाहनिष्ठा हे नियम म्हणजे प्रीतीनेच धारण केलेली स्थिर रूपे असू शकतात, मग प्रत्येक वेळी पाटी कोरी का करायची?

पुस्तकात वाचकाच्या निवाड्यासाठी चार प्रसंग सोडले आहेत. त्या जर्मन आईचा एक. दुसरा हिरोशिमावरील बॉम्बचा. दोन्हींना मोजपट्टी एकच. माझी अडचण इथे सुरू होते. आईने हिशेब मांडला तेव्हा ज्यांच्यासाठी मांडला ती माणसे तिची होती आणि किंमत बव्हंशी तिने स्वतःच्या देहाने चुकवली. (बव्हंशी म्हणतो, कारण पहारेकऱ्याच्या आणि त्या बाळाच्या बाजूने कथा कोणी सांगितलेली नाही.) बॉम्बचा हिशेब वॉशिंग्टनमध्ये झाला, किंमत दुसऱ्या शहराने दिली. किती जीव वाचतील ही बेरीज दोन्हीकडे करता येते. पण किंमत मोजणाऱ्याला कोणी विचारले का, हा प्रश्न त्या बेरजेत बसतच नाही. फ्लेचर यांनी ‘किती’ला फार जागा दिली आणि ‘कोण मोजतो’ याला फार थोडी, असे माझे मत आहे. नियम निदान एवढे करतो : गैरहजर माणसाच्या वतीने उभा राहतो.

तरीही त्या आईला दोषी ठरवायला माझी जीभ रेटत नाही, आणि ते बळ मला फ्लेचर यांच्याकडूनच मिळाले आहे.

ते स्वतः पुढे श्रद्धेपासून दूर गेले. १९७३च्या दुसऱ्या मानवतावादी जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. व्हर्जिनिया विद्यापीठात ते वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवू लागले, तेव्हा प्रसंग रुग्णशय्येचे झाले आणि हिशेबातून देव गळला.