कुत्र्याचा पत्ता नाही, आगाऊ पैसे तयार

पुण्या-मुंबईत घरोघरी जाऊन कुत्री फिरवणाऱ्या डॉग वॉकरना बरेचसे काम व्हॉट्सअ‍ॅपवर येते. त्यांचा नंबर सोसायट्यांच्या ग्रुपवर, पेट शॉपच्या काचेवर, इन्स्टाग्रामवर उघडाच असतो. त्यामुळे गिऱ्हाइकांबरोबर भामट्यांनाही तो सहज सापडतो.

फसवणुकीचा सर्वांत रुळलेला प्रकार सैन्याच्या नावावर चालतो. समोरचा स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो. नुकतीच बदली झाली आहे, पुढच्या आठवड्यात लॅब्राडॉर घेऊन येतो आहे, सकाळ-संध्याकाळ फिरवायला माणूस हवा. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येते. हे बहुधा दुसऱ्याच कोणाचे असते. दराची घासाघीस नाही, महिन्याचे पैसे आगाऊ. मग ‘आमच्या अकाउंट्स विभागाची पद्धत वेगळी आहे’ असे सांगून क्यूआर कोड पाठवला जातो. पहिला कोड एक रुपयाचा. तो भरला की दोन रुपये परत येतात आणि विश्वास बसतो. पुढचा चार हजारांचा असतो. पिन टाकताच तेवढे पैसे भामट्याच्या खात्यात जातात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

‘चुकून आठशेऐवजी आठ हजार गेले, बाकीचे परत करा’ हा दुसरा प्रकार. पैसे जमा झाल्याचा एसएमएस बनावट असतो. अशा वेळी एसएमएसवर न जाता बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहावी.

खोटी मागणी ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे कुत्र्याविषयीची बेफिकिरी. खरा मालक पैशांआधी शंका काढतो: पट्टा ओढतो, सांभाळता येईल ना? भटकी कुत्री अंगावर आली तर? फटाक्यांना फार घाबरतो, चालेल? भेटल्याशिवाय तो आपले जनावर कोणाच्या हाती देत नाही. म्हणून कुत्र्याचे वय, स्वभाव, रेबीजची शेवटची लस विचारावी आणि पैशांचे बोलणे पहिल्या भेटीनंतरच करावे. त्या भेटीत लसीकरणाचे पुस्तक आणि महापालिकेचा श्वान परवाना पाहता येतो. भामटा भेट टाळतो आणि पुन्हा पुन्हा पैशांवरच येतो. पत्ता अनोळखी असेल, तर पहिल्यांदा दिवसाउजेडी, कोणाला तरी सोबत घेऊन जावे. एकट्या मुलींनी तर नक्कीच.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. फसणाऱ्यांत शिकलेसवरलेले पुष्कळ असतात. लगेच 1930 या हेल्पलाइनवर आणि बँकेला कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. चॅट, क्यूआर कोड आणि व्यवहार क्रमांक पुसू नयेत. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66डी खाली गुन्हा आहे. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी तक्रार पोचली, तर ती रक्कम गोठवता येते.