घरातील प्रयोग आणि ठरलेली उत्तरे

वार्षिक परीक्षा जवळ आली की विज्ञानाच्या प्रयोगवह्या पुऱ्या करण्याची धांदल घरोघरी उडते. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशा ठरीव मथळ्यांखाली सुवाच्य अक्षरांत मजकूर उतरवला जातो. तो कोठून उतरवला, हे सहसा कोणी विचारीत नाही. निरीक्षण डोळ्यांनी करावयाचे असते, गेल्या वर्षीच्या वहीवरून नव्हे, ही साधी गोष्ट विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या तिघांच्याही विस्मरणात गेलेली असते.

याचे कारण विचारले तर साधनांच्या टंचाईकडे बोट दाखवले जाते. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हे कारण चटकन पटावे, अशीही अपेक्षा असते. टंचाई खरी आहे, आणि शाळांना प्रयोगशाळा मिळाल्याच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. परंतु टंचाई हे संपूर्ण कारण नव्हे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील विज्ञानशिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. सहज मिळणाऱ्या वस्तूंतून उपकरणे कशी तयार करावीत, हा तिचा विषय. पुढे १९५६ साली तिच्यातूनच विज्ञानशिक्षणाचा एक मोठा संदर्भग्रंथ सिद्ध झाला. आपल्याकडे मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली ग्रामीण शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. तेथे मुले स्वतः प्रयोग करीत आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसत. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला, पण साध्या साधनांनी विज्ञान शिकवता येते, हे तीस वर्षांत सिद्ध होऊन गेले होते. त्याच उपक्रमाच्या सहवासात आलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांपासून भूमितीच्या आकृत्या उभ्या करून दाखवल्या.

उणीव आहे ती वेगळ्याच गोष्टीची. उत्तर आधी ठाऊक नसताना प्रयोग करण्याची मोकळीक मुलाला मिळत नाही. शाळेत तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, वर्गात मुले साठ आणि शेवटी गुण देणारा परीक्षक. तेथे चुकणे परवडत नाही. घरात मात्र चुकण्याला किंमत मोजावी लागत नाही, आणि घराचे खरे मोल येथेच आहे.

हळदीचेच पाहा. पाण्यात कालवलेली हळद कागदावर फासून वाळवावी आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकावा. डाग तांबडा होतो. वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. आम्ल आणि आम्लारी यांची ही ओळख घडवायला लिटमसची गरज नाही. कपड्यावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल का होतो आणि हळदीपासून कुंकू करताना चुना का वापरीत, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एका थेंबात आहे. मग खाण्याचा सोडा, चिंचेचे पाणी, ताक, राख कालवलेले पाणी अशी तपासणी मूल आपणहून सुरू करते.

दुसरा प्रयोग दोऱ्याला बांधलेल्या दगडाचा. एक मीटर लांबीचा हा लंबक हलकासा झोका दिला असता वीस आंदोलनांना सुमारे चाळीस सेकंद घेतो. दगड बदलून जड बांधला, तरी वेळ जवळजवळ तेवढाच. लांबी मात्र पाव मीटर केली की वेळ निम्मा होतो, पाव नव्हे. या प्रयोगाचा आणखी एक लाभ आहे. तीनदा मोजले तर तीन वेळा किंचित निराळे आकडे येतात. मोजमापात चूक असतेच, म्हणून अनेकदा मोजून सरासरी काढावयाची असते, हे मुलाला स्वतःच्या आकड्यांवरून कळते. पदवीच्या वर्गात हीच गोष्ट समजावताना बराच खडू झिजवावा लागतो.

तिसरा प्रयोग सर्वांत बोधप्रद, मात्र तो वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावा. ताटलीत पाणी घ्यावे, मध्ये पेटती मेणबत्ती ठेवावी आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावा. ज्योत विझते व पाणी पेल्यात चढते. हवेतील एक पंचमांश प्राणवायू जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली, असे स्पष्टीकरण पिढ्यान् पिढ्या दिले गेले आहे. आता त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. पाणी अधिक चढते. पेल्यातील प्राणवायू तर तेवढाच होता! शिवाय पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर झपाट्याने वर जाते. म्हणजे खरे कारण बव्हंशी निराळे आहे. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते, तिच्यातील काही पेल्याबाहेर जाते. उरलेली थंड होऊन आकुंचन पावली की बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत लोटतो. छापील उत्तर तपासून पाहता येते, प्रसंगी ते चूकही ठरते, हा धडा तीन मेणबत्त्यांच्या किमतीत मिळत असेल तर तो स्वस्तच म्हटला पाहिजे.

एका लोहाराच्या मुलाने, पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडेने, १८६०-६१च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसमोर केवळ मेणबत्ती या एका विषयावर व्याख्यानमाला गुंफली होती. वस्तू सामान्य असली तरी तिच्यात प्रश्न भरपूर असतात, हे त्याने ओळखले होते.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला आहे: याला गुण किती? गुण एकही नाही, हे मान्य केले पाहिजे. घरातील पसारा वाढेल, तो आवरण्याचे काम बहुधा आईवर पडेल, हेही खरे. तेव्हा पसारा मुलानेच आवरावा, हा प्रयोगाचाच भाग समजावा. बाजारात मिळणारी महागडी विज्ञानपेटी आणून दिली की कर्तव्य संपले, असेही मानू नये, कारण तिच्यात बहुधा उत्तरही बांधून आलेले असते. पालकांनी एकच पथ्य पाळावयाचे आहे. ‘असे का झाले?’ असे मुलाने विचारले असता लगेच उत्तर न देता ‘काय बदलून पाहिले तर कळेल?’ असे उलट विचारावे.

वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. हे कर्तव्य भाषणांनी पार पडत नाही. न पाहिलेले निरीक्षण वहीत उतरवण्याची सवय ज्याला बालपणी लागली, तो पुढे न तपासलेला अहवाल, न तपासलेली अफवा आणि न तपासलेले आश्वासनही तितक्याच सुवाच्य अक्षरांत उतरवून घेईल. त्याची किंमत मात्र साऱ्या समाजाला मोजावी लागेल.