छोटा पिकअप धंद्याला लावताना : आधी काटा, मग रॅक



२००५ साली टाटा एस बाजारात आली आणि लोकांनी तिचा ‘छोटा हत्ती’ करून टाकला. २०२२ साली पेट्रोल व सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणारा इंट्रा व्ही-२० पिकअपही आला. आपल्या सभासदांची मुले अशा गाड्या घेऊन मोटार दुरुस्ती, ठिबक जोडणी, वेल्डिंगची कामे बांधावर जाऊन करू लागली आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात मोटार जळली तर उभा ऊस वाळतो, म्हणून हा धंदा आम्हालाही जवळचा वाटतो.

मागच्या पावसाळ्यात शेतरस्त्यावर अशीच एक गाडी आडवी झाली. मुलगा थोडक्यात वाचला. आम्ही जाऊन पाहिले, तर टपावर लोखंडी पाईप, वेल्डिंग मशीन एका अंगाला आणि पाण्याची टाकी पार मागे. दोष रस्त्याचा नव्हता, बांधणीचा होता.

म्हणून आधी हिशेब करा. समजा, आरसी बुकात एकूण मंजूर वजन २,१०० किलो आहे. रॅक, पेट्या, हत्यारे व ड्रायव्हर धरून गाडी काट्यावर १,५६० किलो भरली. उरले ५४० किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५०० लिटरची टाकी भरली की राहिले फक्त ४० किलो! हौद्यात जागा दिसते म्हणून वजन बसते असे नाही. उसाची गाडी काट्यावर घालतो, तशी ही पण एकदा घालाच.

बांधणी करताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) जड वस्तू खाली, केबिनलगत, मागच्या आसाच्या पुढे ठेवा. दोन्ही अंगांना वजन सारखे असावे.

(२) रॅक नुसत्या पत्र्याला जोडू नका. खाली मजबूत आधार द्या. टपावर हलकेच सामान ठेवा आणि तेही आवळून बांधा.

(३) सीएनजी टाकी किंवा तिच्या नळीजवळ भोक पाडू नका, वेल्डिंग तर नाहीच. गाडीवर कुठेही वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची वायर काढा. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्या.

(४) गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा असेल तर आधी आरटीओला विचारा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्यासाठीच आहे. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर ऐन वेळी हात वर होतात.

आणखी एक. “जवळच तर जायचंय” म्हणून हौद्यात मजूर बसवू नका. गाडी मालाची आहे, माणसांची नाही.

रॅक मोडला तर पुन्हा बांधता येतो. घरातला कर्ता मुलगा पुन्हा आणता येत नाही. तेव्हा बंधूंनो, गाडी धंद्याला लावण्याआधी काटा करा.